अप्पांची वर्तुळं

आमच्या मन्मथअप्पांना साधा आकडा सहन होत नाही. पाहुणे किती येणार असं काकूंनी विचारलं, तर ते कागदावर गोल काढून दाखवतात. मोठा गोल उदगीरच्या पाहुण्यांचा, बारका नांदेडच्यांचा. काकू आपल्या अंदाजानं भात टाकतात.

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो, तिथलं ऑफिस अप्पा सांभाळतात. गेल्या वर्षी आलेख काढणारं एक सॉफ्टवेअर त्यांना महिनाभर फुकट वापरायला मिळालं. तेव्हापासून एक्सेलचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करतात. "ह्या चौकटीत माणूस न्हाई बगा सर, नुसता हिशोब हाय. चित्र कसं बोलतंय!" मेसचं वरण आणि केमिस्ट्रीचे मार्क यांचा संबंधही त्यांनी आलेखात दाखवला होता. गुरुवारी वरण पातळ आणि मार्क घट्ट. रंग निवडण्यात त्यांची अख्खी दुपार जायची, आणि त्यांची हजेरीची कामं माझ्या गळ्यात पडायची.

पूर्वी चाचणीची यादी गेटवर लागायची. लातुरात पोराचा नंबर आणि बापाची मान एकाच यादीत मोजतात, त्यामुळे गर्दी व्हायची. त्या महिन्यात मात्र गेटवर अप्पांची वर्तुळं झळकली. पालक ती बघायचे आणि काही न कळता घरी जायचे.

महिना संपला. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की एक्सेलवरच भागवायचं, हे ठरवायला संचालकांनी बैठक बोलावली. आमच्या नांदेड शाखेचा निकाल का घसरला, ते दाखवा म्हणाले. अप्पांनी पडद्यावर भलंमोठं केशरी वर्तुळ आणलं.

"हे लातूर. मग नांदेड कुठाय?" संचालकांनी विचारलं.

"हाय की साहेब. लातूरच्या खाली दबलंय."

मला हसू आवरलं नाही. मग मी एक्सेल उघडलं आणि चहा येईपर्यंत कारण सापडलं. दिवाळीनंतर नांदेडला बायोलॉजीला शिक्षकच नव्हता.

"ठरलं, एक्सेल," संचालक म्हणाले. "आणि यादी पहिल्यासारखी गेटवर लावा. नावासकट, नंबरवार. शेवटचे लाल रंगात."

अप्पांचा चेहरा उतरला. "नावं नको साहेब. गोलाला नाव नसतंय." तोवर सगळे उठले होते.

बाहेर ते मला म्हणाले, "आमचा नागेश हितंच शिकला. भूकंपात ह्याच पोराला छातीशी धरून भाईर पळालो होतो. पयली यादी लागली तवा मीच लोकांला वाचून दाखवली. वरून खाली, मोठ्यानं. वाचायच्या भरात शेवटचं नावबी वाचलं की ओ. पोरगं मागंच उभं होतं."

नागेश आता हैदराबादला असतो. फोन करतो, पण आईला. अप्पा शेजारी बसून ऐकतात.

रविवारी यादी लागली. अप्पांनीच लावली, आणि तिच्या खालच्या भागावर आपलं केशरी वर्तुळ नीट चिकटवलं. संचालक गाडीतून उतरून बघत राहिले.

"अप्पा, खालची नावं दिसत नाहीत."

"चित्र बगा साहेब. कसं बोलतंय!"

वाऱ्यानं वर्तुळाच्या कागदाचा एक कोपरा सुटत होता. तो मी अंगठ्यानं दाबून धरला.