उसन्या अळ्या

बुधवारची शेतीशाळा या खेपेस आपल्या तुरीत भरणार हे कळल्यापासून कुंभारीच्या महादेवप्पाचे पाय जमिनीला लागत नव्हते. शेजारच्या रानातला चनबसप्पाही या मानासाठी टपून बसला होता. पण कृषी सहायक अंकिता मॅडमनी महादेवप्पाचे रान निवडले, आणि त्याने गावभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आता चारचौघे येणार म्हणजे रान नेटके नको? आदल्या दिवशी नवराबायकोने तुरीखाली पोती अंथरली, एकेक झाड गदागदा हलवले आणि पडलेल्या सगळ्या अळ्या कोंबड्यांपुढे ओतल्या. तण उपटले, बांध झाडला. मल्लव्वा तर रांगोळीच काढायच्या बेतात होती.

सकाळी मॅडमचा फोन आला. "काका, आज अळीचा धडा आहे. प्रत्येक गटाने झाडावरच्या अळ्या शोधायच्या, चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते ठरवायचं. तुमच्या तुरीत अळी भरपूर, म्हणून तर तुमचं रान घेतलं."

महादेवप्पा ओट्यावर मटकन बसला.

"काय झालं वो?" मल्लव्वाने विचारले.

"अळ्यांसाठी घेतलंय आपलं रान. आता शाळा जाती बघ त्या चनबसप्पाकडं."

मल्लव्वाने कोंबड्यांकडे पाहिले. कोंबड्या तृप्त होऊन सावलीला बसल्या होत्या.

गावात तेवढी अळी आता एकाच्याच तुरीत होती. महादेवप्पाने मल्लव्वाचा स्टीलचा डबा उचलला आणि मन घट्ट करून बांध ओलांडला.

"चनबसप्पा, जरा अळ्या दे की."

"कशाला?"

"लागत्यात."

चनबसप्पाला सगळे कळले, पण चेहऱ्यावर त्याने काही दिसू दिले नाही. "ने की. शेजारधरम हाय," म्हणत त्याने डबा गच्च भरून दिला.

तोवर मॅडमची स्कूटी सडकेला दिसली. महादेवप्पाने घाईघाईने बांधालगतच्या ओळीवर अळ्या मांडल्या आणि घाम पुसत स्वागताला गेला.

शाळा भरली. गट रानात शिरले, पाने उलटीपालटी करून झाली, कागदावर तुरीची झाडे उभी राहिली. मग शिवबाई आपल्या गटातर्फे बोलायला उठली. बाई कमी बोलणारी, पण नजर भारी.

"मॅडम, आतल्या ओळीत शेंगांना भोकं हायत, पण अळी न्हाय. बांधाला अळ्याच अळ्या, पण सगळ्या पानावर बसल्यात, एकीनं बी शेंगंत तोंड घातलं न्हाय."

"मग तुमच्या गटानं काय ठरवलं?"

"ह्या अळ्या पाव्हण्या हायत. आजच आल्यात."

"माज्याच हायत त्या," चनबसप्पा शांतपणे म्हणाला. "तोंडओळख हाय आमची."

सगळे रान खदखदून हसले. महादेवप्पाला खाली मान घालून सारे कबूल करावे लागले. मॅडमही हसल्या. "झाडं हलवून अळ्या पाडा, हेच मी शेवटी शिकवणार होते. काकांनी आधीच करून टाकलं. आणि तुम्ही नुसतं बघून चोरी पकडलीत, त्यासाठीच तर ही शाळा. राहिलेला अळीचा धडा पुढच्या बुधवारी चनबसप्पा काकांच्या तुरीत. महादेवप्पा काका, या अळ्यांना हात लावू नका. आठवडाभरात काय होतं ते बघू."

महादेवप्पाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. गेलेला मान आणि चनबसप्पाचे ते गंभीर तोंड, दोन्ही त्याला सारखी आठवत राहिली. पण मॅडमचा शब्द म्हणून त्याने अळ्यांना हात लावला नाही.

पुढच्या बुधवारी सकाळीच चनबसप्पा दारात हजर. एक हात पाठीमागे.

"च्या झाला का अप्पा?"

"झाला. मागं काय लपवलंय?"

चनबसप्पाने आपल्या बायकोचा, नागव्वाचा डबा पुढे केला. "बायकूनं काल समदी तूर हलवून काढली. म्हनली, लोकं येनार, रान असं ठेवतात व्हय? मी नगं म्हनत हुतो तिला."

"आन् पोतं कुणी धरलं?"

चनबसप्पा चपलेकडे बघू लागला. "मीच."

महादेवप्पा डबा घेऊन निघाला. बांधाच्या ओळीत गेला. आठवडाभरात अळ्या चांगल्या पोसल्या होत्या. डबा काठोकाठ भरून त्याने चनबसप्पाच्या हातात दिला.

"घे. तुज्याच हायत, जरा अंगानं भरल्यात एवढंच. आन् ह्या वक्ताला आतल्या ओळीत ठेव. शिवबाई येनार हाय."