महोदय, ज्वालामुखी का फुटतो?

सकळ दुनियेस, विशेषेकरून ज्यांचे दूध आजवर कधी उतू गेले नाही त्यांस कळावे की, सातवीच्या वर्गावर भूगोलाचे सर बहुत वर्षे अंमल करीत होते आणि मुले त्यांस पाठीमागे नकाशेसर म्हणत. त्यांची पत्नी मागील साली निवर्तली, घरात बोलणारे माणूस उरले नाही, मग सातवी हीच काय ती त्यांची दौलत राहिली. त्या दौलतीवर संकट आले.

मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, हुकूम सुटला की, शुक्रवारी आम्ही जातीने वर्गात येऊन बसू. ज्वालामुखीचा धडा इंटरनेटच्या साह्याने पडद्यावर शिकवावा. न जमल्यास सातवी संगणकाच्या सरांचे हवाली करावी आणि नकाशेसरांनी नकाशांसह अडगळीच्या खोलीत रुजू व्हावे.

संगणकाचे सर वयाने कोवळे, मिशीने त्याहून कोवळे. त्यांनी कुमक देऊ केली.

"सर, एकदा सराव करून बघू या का?"

"काही गरज नाही. मी रोज विचारतो त्याला."

हे खरे होते. सर्चच्या चौकटीशी नकाशेसरांचा पत्रव्यवहार मोठा होता. मात्र ते जुन्या वळणाचे. परक्याकडे काही मागणे तर रीतीने मागावे, म्हणून दर खेपेस आधी 'महोदय' आणि मग सवाल.

शुक्रवारी फौज बाकांवर बसली आणि शाळेचा लॅपटॉप, वृद्ध सरदार, ऐन रणात गारद जाहला. मग सरांनी आपला खासा मोबाईल पडद्यास जोडिला, मोठ्या बाईंकडे जेत्याच्या नजरेने पाहिले आणि चौकटीत 'महोदय' लिहिले. तत्क्षणी चौकटीने मागील सारे महोदय बाहेर काढून पडद्यावर ओळीने उभे केले, अक्षर वीतभर:

महोदय, दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावे?
महोदय, एका माणसास भात किती लावावा?
महोदय, पांढरे शर्ट धुण्यात गुलाबी झाले, उपाय कळवावा.
महोदय, गेलेल्या माणसाचे कपडे कपाटात किती दिवस ठेवावेत?

फौज बाके बडवून हसली, कारण गुलाबी शर्ट सरांच्या अंगावरच होता. चौथ्या ओळीपाशी मात्र हसणे जागीच थांबले आणि मोठ्या बाई उगाच चष्मा पुसू लागल्या. सरांस पडदा बंद करावयाचा होता, परंतु बोटे फितूर जाहली.

तेव्हा मागल्या बाकावरील बडबडी नामे शूर मुलगी न विचारताच उठली.

"सर, दुधाजवळ उभं राहायचं. मोबाईल बघत बसलात की गेलंच!"

"वर साय धरते ना, सर," दुसरी ओरडली, "खाली वाफ कोंडते."

सरांनी मान वर केली. "मग?"

"मग उसळतं!"

"साय म्हणजे पृथ्वीचं कवच धरा. आता खाली काय कोंडलं?"

येथून लढाईचा रंग पालटला. सरांनी फळ्यावर पातेले काढिले, पातेल्याचा डोंगर केला, आणि पडद्यावर खऱ्या डोंगराचे मुख फुटताना दाखविले, तेव्हा मोठ्या बाईदेखील "अगं बाई!" वदल्या. मग दारात उभ्या संगणकाच्या सरांनी आपण होऊन शाळेचे टॅबलेट वाटले आणि असे पान उघडून दिले की, मुलांनी त्यावर उत्तर लिहावे आणि ते नावाविना पडद्यावर उमटावे. सवाल एकच, ज्वालामुखी का फुटतो. उत्तरे धडाधड आली आणि पोरे इरसाल, सर्वांनी रीत पाळली. महोदय, आत कोंडतं म्हणून. महोदय, वाट मिळत नाही म्हणून. महोदय, कोणी जवळ उभं नसतं म्हणून. आणि सर्वांत शेवटी एक आले:

महोदय, कपाट मोठं असेल तर राहू द्या.

कोणी लिहिले, हे सरांनी पुसले नाही.

मोठ्या बाईंनी उठता उठता फर्मान काढिले की, सातवी नकाशेसरांकडेच कायम. शर्ट तेवढा बदलावा.

फत्ते जाहली. ते सायंकाळी सर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून दुधापाशी उभे राहिले आणि दूध उतू गेले नाही. मग त्यांनी कपाट उघडून पाहिले. कपाट मोठे आहे, ऐसे येथे नमूद केले असे.