लाल टोकाची काठी

करोनाच्या त्या वर्षी आमच्या दवाखान्यात सकाळी नमस्काराच्या आधी रावजीमामांची काठी यायची. मामा ती दोघांच्या मधे हवेत आडवी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे, "सिस्टर, चार बोटं मागं." सिस्टर वैतागून म्हणायच्या, "अहो मामा, आहे की सहा फूट!" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "मला नका सांगू. काठीला इचारा."

रावजीमामा आमचे ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे त्यांचं काम. वय छप्पन्न, गाव पोशेरा, अंगकाठी त्यांच्या काठीपेक्षा थोडी बारीक. मी तिथली लॅब टेक्निशियन. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातला आमचा दवाखाना म्हणजे मोजून अकरा माणसं. त्यातलं एक जरी करोनानं पडलं असतं, तर उरलेल्या दहांना घरी बसावं लागलं असतं, आणि वावर-दाभोशासारख्या गावांहून चालत, जीपला लोंबकळत आलेली माणसं दाराचं कुलूप बघून परत गेली असती. डॉक्टरांनी हे मीटिंगमध्ये सांगितलं. आम्ही गंभीरपणे माना डोलावल्या. मामा उठले आणि बांबू तोडायला गेले.

पण सहा फूट मोजायचे कसे? दवाखान्यात उंची मोजायची पट्टी होती, ती लहान मुलांची, चार फुटांवर संपणारी. तेव्हा आमचे फार्मासिस्ट देसले पुढे आले आणि छाती काढून म्हणाले, "मी पुरा सहा फूट आहे. मापा मला." मामांनी देसल्यांना भिंतीला उभं केलं, शेजारी बांबू लावला आणि डोक्याच्या रेषेत कोयता मारला. देसले वाचले हे नशीब.

पंधरा दिवसांनी औषधाच्या खोलीचं दार दुरुस्त करायला सुतार आला. त्याच्याकडे टेप होती. मामांनी सहज काठी मापून घेतली. पाच फूट सात इंच! देसल्यांचं लग्न ज्या बायोडाट्यावर जमलं होतं त्यातही सहा फूटच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी ते बायकोचा फोनसुद्धा उचलेनात. मामांना मात्र हसू आलं नाही. त्यांचा चेहरा मेल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "पंधरा दिस आपन पाच इंच कमी उभं राह्यलो. आता पंधरा दिस पाच इंच जास्त."

डॉक्टर तरुण होते, पुस्तक वाचून आलेले. ते म्हणाले, "मामा, मागचं अंतर असं नंतर भरून निघत नसतं."

"टीबीची गोळी चुकली तर तुमी शिव्या घालून भरून घेताच ना, साहेब?"

डॉक्टर उठून पाच इंच मागे सरकले. आम्ही अकरा सुशिक्षित, पगारी माणसं पंधरा दिवस सहा फूट पाच इंचांवर उभे राहिलो. मला आजही ते आठवलं की चालता चालता हसू येतं.

नवी काठी मामांनी सुताराच्या टेपनं तीनदा मापून केली. एका टोकाला लाल औषधात बुडवलेली बँडेजची पट्टी गुंडाळली. आणि एक नवा नियम निघाला, लाल टोकाला कुणी हात लावायचा नाही. ते जमिनीला टेकवायचं नाही, टेबलाला नाही, कुणाच्या बोटालाही लागू द्यायचं नाही. कुणी चुकून हात पुढे केला की मामा खेकसायचे, "ते टोक नको!" संध्याकाळी ते स्पिरिटच्या बोळ्यानं फक्त तेवढं टोक पुसायचे आणि स्वच्छ गॉजमध्ये बांधून ठेवायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं.

चहाची तऱ्हा तर विचारूच नका. कप हातात द्यायचा नाही, म्हणून मामा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कप ठेवून ती व्हरांड्यातून पायानं ढकलून द्यायचे. ट्रॉलीचं एक चाक डावीकडे ओढायचं. त्यामुळे चहा कुणालाही पाठवला तरी तो जायचा देसल्यांकडे. देसले रोज चार कप चहा पिऊ लागले आणि त्यांना अॅसिडिटी झाली. औषधही ट्रॉलीवरूनच पाठवलं, तेही त्यांच्याचकडे आलं. तेवढं एकदाच बरोबर पोचलं.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली कुजबुजीची. सहा फुटांवरून कुजबुजता येत नाही. शिवाय तोंडाला मास्क. डॉक्टरांच्या आईनं त्यांच्यासाठी एक मुलगी बघितली होती. ही अगदी खाजगी गोष्ट त्यांनी मोठ्या सिस्टरना सांगितली. सिस्टर ओरडल्या, "ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!" डॉक्टर मोठ्यानं बोलले. बाहेर चुन्याच्या गोलांत ओळीनं बसलेली सगळी ओपीडी गप्प झाली. मग तिसऱ्या गोलातली एक आजी म्हणाली, "शिकलेली कर रे डागतर, पन तिला नागलीची भाकर यायला पायजे." चौथ्या गोलातल्या बाईनं मुलीचं गाव विचारलं. डॉक्टर लाजून एक्स-रेच्या खोलीत शिरले, तर तिथे आधीच मी होते. लगेच मामांची काठी दारातून आत आली.

मामा मार्चपासून घरी गेले नव्हते. दवाखान्यामागच्या एका खोलीत एकटेच राहायचे. पोशेरा काही लांब नव्हतं, चालत गेलं तरी सकाळी निघून दुपारी परत येता आलं असतं. आमचा समज असा की मामींशी कडाक्याचं भांडण झालंय. "जो माणूस शेळ्यांमध्येसुद्धा अंतर मोजतो, त्याच्याबरोबर कोण नांदेल?" असं देसले म्हणायचे. त्यातून दर रविवारी मामा काठी खांद्यावर टाकून कुठेतरी नाहीसे व्हायचे. देसल्यांच्या मते ते जंगलात सागाच्या झाडांची अंतरं मोजायला जात. मीही त्यावर खूप हसायचे. हे लिहिताना त्याची लाज वाटते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी पोशेऱ्याला स्वॅब घ्यायचं शिबिर लागलं. मी आणि मामा जीपनं निघालो. मी पुढे, मामा अगदी मागच्या सीटवर, काठी खिडकीतून बाहेर. घाटातून जाताना मी चिडवलं, "काय मामा, आज मामींची समजूत काढणार ना?"

मामांनी खिडकीबाहेरची काठी घट्ट धरली. मग म्हणाले, "म्याडम, तिला टीबी झाला होता. कोर्स पुरा केला, बरी झाली. मीच देत होतो गोळ्या, एक नाय चुकवली. पन छाती कच्ची राह्यली. आन मी दिसभर लोकांचं खोकलनं अंगावर घेनार. मी घरात पाय ठेवला, आन तिला काय झालं तर?"

मी पुढे वळून रस्ता बघत बसले.

शिबिर दुपारी संपलं. स्वॅबचा डबा बर्फात ठेवला, पण मामांचा पत्ता नाही. ड्रायव्हर म्हणाला, खळ्याकडे गेले. मी शोधत गेले.

खळ्याच्या कडेला, नागलीच्या ताज्या पेंढ्याशेजारी मामा उभे होते. पलीकडे एक किरकोळ अंगाची बाई, लुगड्याच्या पदरानं तोंड बांधलेलं. तिनं फडक्यात बांधलेली भाकर एका दगडावर ठेवली आणि मागे सरली. मामा पुढे आले, भाकर उचलली, परत मागे गेले. दोघांनाही हे पाठ होतं, न मोजता पावलं बरोबर पडत होती.

"नागली झोडून झाली?"

"झाली. एकटीनंच. हात भरून आलेत."

"गोळ्या घेतेस ना ताकदीच्या?"

"घेते. तुमी वाळलात."

मग मामांनी काठीच्या टोकाचं गॉज सोडलं. खिशातून स्पिरिटचा बोळा काढून लाल पट्टी नीट पुसली. आणि काठी आडवी करून ते टोक तिच्यापुढे धरलं.

मामींनी ते मुठीत घेतलं.

इकडचं टोक मामांच्या मुठीत, तिकडचं मामींच्या. असे दोघं खळ्याच्या कडेनं हळूहळू चालायला लागले. मामी म्हणाल्या, "ढोराला हाकतात तसं काठीनं फिरवता मला." आणि पदराआड हसल्या. मामा हसले नाहीत. ते काठीकडे बघत होते, ती जरा जरी हलली तरी त्यांना कळत होतं. आठ महिने दर रविवारी हा माणूस डोंगर चढून येत होता, ते बायकोच्या हाताची एवढीशी ओढ काठीतून जाणवावी म्हणून. माझे डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला.

मामांनी मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले, पण टोक सोडलं नाही.

"काय बघता म्याडम? सहा फूट पुरे हायेत. काठीला इचारा."

विचारायची गरज नव्हती. मी जीपकडे परत आले आणि ड्रायव्हरला सांगितलं की स्वॅबच्या डब्याला आणखी अर्धा तास बर्फ पुरेल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काठी भिंतीला टेकून ठेवलेली होती. देसल्यांच्या पाठीला खाज सुटली म्हणून त्यांनी नेमका त्या लाल टोकाकडे हात नेला. मामा ट्रॉली ढकलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"ते टोक नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की ओपीडीतल्या सगळ्या गोलांनी वळून पाहिलं.