शंभर वेढ्यांमागे एक चिंचोका

डिचोलीच्या बाजारात पुंडलिकबाबांच्या दुकानावर पाटी लटकते : ‘मोजतोय. बोलू नका.’ पाटी न वाचता कुणी नुसतं "पुंडलिकबाब, आसात मूं?" म्हटलं, की ते गुंडाळलेली सगळी तार उलगडतात आणि एकपासून पुन्हा सुरू करतात. पंप असो, ट्रान्सफॉर्मर असो, कॉइल ते हातानेच भरतात.

"सगळो खेळ वेढ्यांचो, बाय. हांगा हजार, थंय पाचशे. दोनशे तीस व्होल्ट घाल, एकशे पंधरा भायर. उलटें जोडलें तर चारशे साठ! यंत्र सोड, मनीस उरचो ना."

मला धडकीच भरायची. कारण यंत्र माझ्या आईचं होतं. दम्यासाठी वाफ घ्यायचं, अमेरिकेतल्या माझ्या भावाने धाडलेलं, तिकडच्या कमी व्होल्टवर चालणारं; त्यासाठीच हा ट्रान्सफॉर्मर हवा होता. इथलं यंत्र मी आणलं, तर तिने ते खोक्यातून काढूच दिलं नाही. "म्हज्या पुतान धाडलां, तेंच जाय." आणि दमा तर रोज वाढत होता.

आठवडाभर रोज दुकानात जायचे आणि ऐकायचे, "सोडलें परत. म्हाका खात्री ना." शेवटी माझं डोकं फिरलं. पाटीला न जुमानता आत घुसले, तोंड मात्र बंद ठेवलं.

"अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर." एका हातात ताणलेली तार, दुसरा हात चाकावर. ते थांबले आणि शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. स्टुलापाशी चिंचोक्यांची करवंटी आणि एक रिकामा डबा होता. तिथे सुलभावहिनी, त्यांची बायको, बसायची. दर शंभराला एक चिंचोका डब्यात टाकायची. गणेशचवथीआधी ती वारली. तेव्हापासून किती शंभर झाले, याचा त्यांना भरवसाच वाटत नव्हता.

मी स्टुलावर बसले आणि डब्यात एक चिंचोका टाकला. त्यांनी चमकून पाहिलं. पण तार उलगडली नाही.

दहा चिंचोके झाले, मग दुसऱ्या बाजूचे पाच. तपासताना त्यांनी मला दाराबाहेर उभं केलं आणि स्वतः रबरी चपला चढवल्या. मीटरवर एकशे पंधरा आले. माझा जीव भांड्यात पडला, त्यांचा नाही.

आईला वाफ मिळाली, हे सांगायला दुसऱ्या दिवशी गेले.

"चड तापूंक ना मूं? वास आयलो?" ट्रान्सफॉर्मर फार तापला तर नाही ना, हीच त्यांची काळजी.

"काही नाही, पुंडलिकबाब. आई छान झोपली."

ते करवंटीत चिंचोके परत भरत होते. वर न बघताच म्हणाले, "तें स्टूल रितें आसलें की म्हाका शंभराफुडें वचूंक जायना गो."

मी पाटी दारावर लावली आणि आत येऊन स्टुलावर बसले.