साहेबाला भूक नाही

माझा सोमाकाका माणसांशी मराठीत बोलायचा आणि कोंबड्याशी हिंदीत.

मानकोलीच्या गोदामात हमाली करून संध्याकाळी घरी आला की पायातली चप्पल काढायच्या आधी त्याची हाक यायची, "आ गया साहेब, ड्युटी खतम!" मग अंगणातल्या दगडावर बसून तो कोंबड्याला दिवसभराची हकीकत सांगायचा. आज कुठला माल उतरवला, कोणाचा पाय घसरला, सुपरवायझर कोणावर ओरडला. गोदामात लागते तेवढीच हिंदी त्याला यायची, त्यामुळे गोष्टही तेवढीच व्हायची. मी एकदा विचारलं, "काका, कोंबडा आपल्या पाड्यावर वाढलेला. त्याला हिंदी कशाला?"

"अगं बाय," तो म्हणाला, "मराठीत बोललेलं कंच्या साहेबाला कलतं?"

कोंबडा तांबडा, मोठ्या तुऱ्याचा, छाती काढून चालणारा. अंगणात कोणी आलं की एका डोळ्याने तपासायचा, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने. गोदामाच्या गेटवर पास बघतात तसा. म्हणून त्याचं नाव साहेब.

चूक झाली ती तिथेच. नवसाच्या कोंबड्याला नाव ठेवत नाहीत.

नवस होता माझ्यासाठी. आमच्या पाड्यातली पहिली बी.ए. मी. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. पाडा अंबाडीच्या अलीकडे, डोंगराला टेकलेला. वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. मला शिकवायचं की वीटभट्टीवर पाठवायचं, यावर घरात बोलणी झाली. काका वडिलांचा धाकटा भाऊ. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा. पण त्या दिवशी सगळ्यांत आधी तोच बोलला, "पोरगी पंधरावी करील." पंधरावी म्हणजे बी.ए.चं शेवटचं वर्ष. विषय तिथेच संपला.

त्याची स्वतःची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली होती. मूलबाळ नाही. आमच्याच अंगणात पलीकडच्या खोपीत तो एकटा राहायचा.

माझी पंधरावीची परीक्षा आली तेव्हा त्याने अंबाडीच्या बाजारातून एक पिल्लू आणलं, ते वाघदेवाला दाखवलं आणि बोलला, "पोरगी पास झाली तर हा तुझा."

मी पास झाले. तोवर पिल्लाचा साहेब झाला होता.

वाघदेव म्हणजे डोंगरावरचा शेंदूर लावलेला दगड. जंगलाचा धनी, गुरामाणसांचा राखणदार. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्यातली माणसं त्याच्याकडे जातात. नवसाचा कोंबडा पुढे धरला की भगत जमिनीवर तांदूळ टाकतो. कोंबड्याने दाणे टिपले तर देवाला तो मान्य. नाही टिपले तर कोंबडा परत घरी, पुढच्या वाघबारशीला पुन्हा हजर.

पहिल्या वर्षी साहेबाने तांदूळ एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या डोळ्याने, आणि दगडावर चोच पुसली. दुसऱ्या वर्षीही तेच. लखमा भगत म्हणाला, "काय रं सोम्या, तुझा कोंबडा उपासतापास करतो काय?" सगळे हसले. काका मात्र गंभीर. "देवाची मर्जी," म्हणाला आणि साहेबाला काखेत मारून झपझप डोंगर उतरला.

तिसऱ्या वर्षी त्याला हाक मारायला मी जरा लवकरच त्याच्या खोपीकडे गेले. खोपीच्या मागे काका उकिडवा बसलेला. एका हातात कुस्करलेली नाचणीची भाकरी, दुसऱ्या हातात भात. किडे-गांडुळं साहेब स्वतः शोधायचा, पण दाणा म्हटला की काकाच्या हातातूनच. साहेबाची गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगली होती. तरी काकाचं चालूच, "खा लो साहेब, थोडा और. चढाई है."

मला बघून तो दचकला. "लांब जायचं हाय ना बाय. रिकाम्या पोटी कसा न्यावा?"

एवढं कळायला बी.ए. लागत नाही. त्या वर्षीही देवाची मर्जी झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. तेव्हा मी गोदामाच्या ऑफिसात बिलिंगला होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात अन्न ठरेना. भिवंडीच्या डॉक्टरने महिनाभर पडून राहायला सांगितलं. मी आईला समजावलं, ही खराब पाण्याने होते, बरी होते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग अंगणात जाऊन काकासमोर उभी राहिली.

"पोट भरून नेतोस कोंबडा! आमाला दिसत न्हाय काय? देवाला फसवलंस, आन् आता माझी पोर पिवळी पडली. तुला पोर न्हाय, तुला काय कलनार?"

काका दगडावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. अंगणात हिंदी ऐकू आली नाही. साहेब सकाळपासून डालग्याखाली कोंडलेला. आतून चोचीचा टकटक आवाज येत राहिला. दुपार झाली, ऊन उतरलं. मी खाटेवरूनच विचारलं, "काका, साहेबाला आज काही घातलं नाहीस?"

"भूक न्हाय त्याला," काका म्हणाला. माझ्याकडे न बघता.

पुढच्या सकाळी तो साहेबाला काखेत घेऊन डोंगराच्या वाटेला लागलेला मी पाहिला. वाघबारशीला अजून तीन महिने होते. मी उठले. आई ओरडत होती, तरी निघाले. एरवी अर्ध्या तासाची चढण. दोनदा खाली बसले, एकदा ओकले.

वर पोहोचले तेव्हा वाघदेवापुढे तांदूळ टाकलेले होते आणि लखमा भगताच्या मांडीजवळ सुरा. साहेब त्या तांदळांभोवती फिरत होता. काल सकाळपासून उपाशी, तरी खाली चोच लावत नव्हता. सारखा काकाच्या हाताकडे बघत होता.

"न्हाय टिपत तो," लखमा म्हणाला. "ने घरी."

"थांब." काकाने पिशवीतले मूठभर तांदूळ घेतले. "पोरीचे डोळे पिवळे झालेत, लखमा. या टायमाला परत न्यायाचा न्हाय." तो गुडघ्यावर बसला, मूठ पुढे केली. "आओ साहेब."

साहेब पंख उघडून धावत आला.

पण मूठ उघडेना. साहेब बोटांवर चोच मारत होता. मग एक बोट सुटलं. मग दुसरं.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली.

"सोड बाय. तुझ्यासाठी बोललोय मी देवाला."

"माझ्यासाठी बोललास ना? मग मी सांगते. घरी चल."

"आन् तुला काय झालं तर?"

"काही होणार नाही. डॉक्टर बोललाय."

"डाक्टर काय देव हाय?"

मी नुसती मूठ धरून राहिले.

काका खाली बघत म्हणाला, "वयनी बोलते, मला पोर न्हाय. तिला काय म्हाईत?"

लखमाने जमिनीवरच्या तांदळांकडे पाहिलं. सुरा फडक्यात गुंडाळला. "पुढ्यातला एक दाना टिपला न्हाय त्यानं," तो म्हणाला. "मी बघितलं, देवानं बघितलं. देवाला नको हाय. जा आता, पोरीला उभं ऱ्हावत न्हाय."

आम्ही उतरायला लागलो. काकाच्या एका काखेत साहेब, दुसऱ्या हाताची मूठ अजून आवळलेली. मी त्याच्या खांद्याला धरून चालत होते. त्याचाही पाय नीट पडत नव्हता.

"काका, तू काल जेवलास का?"

"त्याला उपाशी ठेवून मी कसा जेवनार?"

दगड दिसेनासा होईपर्यंत तो थांबला नाही. वळणावर एकदा मागे वळून खात्री केली, मग वाटेतच खाली बसला आणि मूठ उघडली. तांदूळ घामाने ओले होऊन तळव्याला चिकटले होते. साहेबाने अर्धेअधिक टिपले. उरलेले काकाने तोंडात टाकले आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला.