खड्ड्यात पडणारे अनंतकाका

आमच्या शेजारचे अनंतकाका फोनवर गेम खेळताना उजव्या पायाने ब्रेक दाबायचे. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, हातात बटणांचा जुना फोन, पडद्यावर काडीएवढा माणूस धावतोय. समोर खड्डा आला की काकांचा पाय फरशीवर दणकन पडायचा. माणूस तरीही खड्ड्यात जायचा. "गेला," असं म्हणून काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

जन्मभर त्यांनी एसटी चालवली. आंबा घाटात धुक्यातसुद्धा कधी त्यांचा आवाज चढला नाही, असं त्यांच्याबरोबरचे कंडक्टर सांगतात. पण या गेमपुढे ते घामाघूम व्हायचे. खेळ तसा साधाच. एक तलवारवाला धावतो, भिंती चढतो, दोरीला लटकतो, खिळ्यांवरून उडी मारतो. त्याला आडवे येणाऱ्या शिपायांना काकांनी 'चेकिंगवाले' असं नाव दिलं होतं. "पुढच्या वळणावर दोन चेकिंगवाले उभे हायत," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की मीसुद्धा काळजीने मान हलवायचो.

अलोऱ्याला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. काका मागच्या रांगेत फोन घेऊन बसलेले. भटजींनी 'सावधान' म्हटलं, क्षणभर मांडव शांत झाला, आणि मागून स्वच्छ आवाज आला, "मेला."

नवरीच्या मामाने वळून असं काही पाहिलं की काका मुठीतल्या अक्षता तशाच घेऊन जेवणाच्या मंडपात जाऊन बसले. तिथे पानं मांडायला अजून अवकाश होता. मी गेलो तेव्हा त्यांचा खेळ पुन्हा सुरू झाला होता.

गेल्या महिन्यात त्या फोनची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला. "काका, याचं आता काही मिळत नाही," म्हणाला. काका फोन रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले. चार दिवस ओटीवर फिरकले नाहीत.

त्यांच्याकडे मोठा फोन होता. मुलीने, शीतलने, नाशिकहून पाठवलेला. तो फक्त तिच्याशी बोलण्यापुरता ते वापरत. मी शोधाशोध करून त्यावर तीच गेम घालून दिली. मला वाटलं, खूश होतील. काकांनी काचेवर काढलेल्या बटणांवरून अंगठा फिरवला, तलवारवाल्याला थोडं पुढे नेलं आणि फोन मांडीवर ठेवला.

"हाताला काय लागतच नाय रे."

"सवय होईल, काका."

"सवयीचं नाय. मी ह्यात उडी कधी मारायचोच नाय. डावं-उजवं माझं, उडी शीतलची. मुक्कामी गाडीवरनं आलो की माझ्या कुशीत शिरायची आणि अर्धा फोन धरून बसायची. मी नुसतं 'हं' म्हणायचो, ती बटण दाबायची. एक खड्डा चुकायचा नाय तिचा. ती जरा मोठी झाली, तवापासून दोन्ही मीच करतो. जमत नाय."

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. नातवाला भरवता भरवता बोलत होती. काकांनी विचारलं, "शीतल, ती गेम आठवते काय गो? खड्ड्यांवरनं उडी मारायची?"

"कुठली हो, बाबा?"

मी सांगायला पुढे सरकलो. काकांनी हातानेच मला थांबवलं.

"काय नाय, असंच. पोरगा जेवला काय नीट?"

पोरगा जेवत नव्हता, त्याचंच बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "लहान होती ती. किती म्हणून लक्षात ठेवील."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"ही गेम काढून टाक. पोराचे फोटो पाठवते ती. जागा अडते उगाच."