आधी अण्णांनी बोलायचं

गेल्या रविवारी दुपारी पोकर खेळताना माधवअण्णांनी हातातले राजा-राणीचे पत्ते टेबलावर फेकले, चिंचोक्यांचा ढीग विस्कटला आणि निखिलला ‘गाढव’ म्हटलं. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हे घडलं. आश्चर्य कोणालाच वाटलं नाही.

माधवअण्णा मूळचे निपाणीचे. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात. घरी आल्यावर माणसांतल्या. ‘स्वल्प तरी लाज बाळगा!’ हे वाक्य लिफ्टला, टँकरवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला सारख्याच आवाजात ऐकावं लागतं. समोरच्यानं आवाज चढवला की अण्णा त्याच्या वर जातात. स्टिकर नाही म्हणून वॉचमननं एकदा गाडी अडवली. अण्णांनी ती गेटातच बंद केली, चावी त्याच्या हातात दिली, ‘घे, तूच चालव’ म्हणाले आणि पायी घरी गेले. दूध गाडीतच राहिलं. ते आणायला त्याच वॉचमनकडे परत जावं लागलं, याचाही राग त्यांनी वॉचमनवरच काढला.

पोकरमध्येही तेच. कोणी बोली वाढवली की अण्णा ती आणखी वाढवतात. आपण कुठल्या जागेवर बसलो आहोत, हे बघत नाहीत. मग टेबलाच्या मधले, सगळ्यांचे सामायिक पत्ते उघडतात आणि ज्याची जागा पहिली, त्याला आधी बोलावं लागतं. काही लावायचं नसेल तर टेबलावर दोनदा टकटक करायची. म्हणजे मी गप्प, आता तू बोल. मागे बसलेला हे सगळं पाहून सावकाश ठरवतो. वाढवून बसलेल्या अण्णांची जागा बहुतेक वेळा पहिली निघते.

“वाढवलं मी, आणि तोंड उघडायचं तेपण मीच? कुठला न्याय हा?”

एकदा डाव चालू असताना त्यांनी खुर्ची उचलली आणि निखिलच्या पलीकडे जाऊन बसले. “आता मी शेवटचा.”

“अण्णा, चेअर हलवून पोझिशन बदलत नाही हो,” निखिल म्हणाला. निखिल पुण्याचा आहे. अण्णांच्या मते त्याचा तो एकच दोष नाही.

हा खेळ त्यांना शिकवला मालतीअक्कांनी, थोरल्या बहिणीनं. अक्का बी विंगमध्ये राहत होत्या. पैशानं नाही, चिंचोक्यांनी खेळायचं, हा नियमही त्यांचाच. गणपतीपासून त्यांची खुर्ची रिकामी होती. आरती झाल्यावर अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “माधवचे मोदक विकतचे हाईत.” अण्णा म्हणाले, “आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.” तेव्हापासून दोघं बोलत नव्हती.

मोदक विकतचेच होते.

अक्का आता मुलाकडे नागपूरला कायमच्या चालल्या होत्या. सामानाचा ट्रक सोमवारी यायचा होता.

रविवारच्या त्या डावात निखिलनं बोली वाढवली, अण्णांनी आणखी वाढवली. तीन पत्ते उघडले, त्यांत एक्का निघाला. अण्णा एक्क्याकडे बघत राहिले.

“बोला अण्णा.”

“तू बोल.”

“तुमची जागा पहिली आहे. त्यात वाढवलंत पण तुम्हीच.”

“दरवेळी मीच का?”

“रूल आहे,” निखिल म्हणाला. मग पत्त्यांकडे बघतच म्हणाला, “अक्कांकडे गेलात का? धाकटे ना तुम्ही? तिथं पण जागा तुमचीच पहिली.”

यानंतर पत्ते फेकले गेले आणि ‘गाढव’ हा शब्द उच्चारला गेला. अण्णा निघून गेले. चष्मा टेबलावर राहिला. तो घेऊन मी मागे गेलो. अण्णा घरी गेले नव्हते. ते बी विंगमध्ये, अक्कांच्या दारासमोर उभे होते. जिन्याजवळ बांधलेली खोकी रचून ठेवली होती.

दाराला बेल आहे. अण्णांनी ती वाजवली नाही. बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा टकटक केली.

“कोण?” आतून आवाज आला.

पुन्हा दोनदा टकटक.

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग अक्का दाराच्या अगदी जवळून म्हणाल्या, “टकटक काय करतोस? तुझी पाळी आहे. बोल की!”

अण्णांनी शर्टाची बटणं चाचपली. खोक्यांकडे बघितलं.

“मोदक विकतचे होते,” ते म्हणाले.

दार उघडलं.